चतुराचे छायाचित्र : जवळून आणि नेमके

विद्यार्थी मित्रहो, यंदाच्या अंकासाठी तुम्ही जी छायाचित्रे आणून दिली, त्यांत चतुरांची छायाचित्रे बरीच होती. हे पाहून आम्हांस संतोष वाटला. ज्या गावास तापीसारखी नदी, मोहना-उतावलीसारख्या तिच्या लहान बहिणी आणि चहूकडे केळीच्या ओलसर बागा लाभल्या आहेत, त्या बुरहानपुरात चतुर हा काही दुर्मीळ पाहुणा नव्हे; आणि रोजच्या दृष्टीस पडणाऱ्या गोष्टीकडे कॅमेरा वळवावासा वाटणे हे जिज्ञासेचेच लक्षण होय. तथापि ती सर्व छायाचित्रे एकापुढे एक मांडून पाहिली तेव्हा त्यांतील उणिवा विलक्षण सारख्या दिसल्या. काहींत कीटक चौकटीच्या मधोमध तिळाएवढा. काहींत तो पुरेसा मोठा, पण शेपटीचे टोक स्पष्ट आणि डोळे धुरकट. काहींत पंखांच्या जागी केवळ एक पांढरा, चकाकणारा पट्टा. मोठ्या कॅमेऱ्याने घेतलेली आणि खिशातल्या फोनने घेतलेली छायाचित्रे या बाबतीत एकाच पंक्तीला बसली होती. यावरून साधनाच्या किमतीशी या दोषांचा संबंध फार थोडा, हे उघड आहे.

मग संबंध कशाशी? आमच्या मते तो एका प्रश्नाशी आहे, आणि तो प्रश्न कळ दाबण्यापूर्वीच मनात यावा लागतो: हे छायाचित्र पाहून उद्या कोणी जाणत्याने ‘हा चतुर कोणता?’ असे विचारले, तर उत्तर देण्याजोगे काही त्यात असेल काय?

प्रथम नावांचा घोळ मिटवू. तुमच्यापैकी पुष्कळजण याला सरळ ‘हेलिकॉप्टर’ म्हणता. नाव गोड आहे, पण त्यात दोन निराळे प्राणी एकत्र होतात. बसताना जो चारही पंख आडवे पसरून ठेवतो, ज्याचे डोळे मोठे आणि बहुधा एकमेकांस टेकलेले असतात, तो चतुर. जिची अंगकाठी सुईसारखी, डोळे एकमेकांपासून दूर, आणि बसताना जी बहुधा पंख पाठीवर मिटून घेते, ती टाचणी. ज्यास आपण शेपटी म्हणतो ते वस्तुतः त्यांचे उदर होय; ते दहा खंडांचे असते आणि त्याच्या टोकाशी चिमट्यासारखे बारीक अवयव असतात. मधला जाड भाग, ज्यास पंख व पाय जोडलेले आहेत, तो वक्ष. पंखाच्या टोकाजवळ पुढच्या कडेवर एक लहानसा रंगीत ठिपका असतो, तोही ध्यानात ठेवावा.

ही शब्दावली कशासाठी, असे वाटेल. एक उदाहरण देतो. आपल्याकडे पाण्याकाठी दोन तांबडे चतुर सर्रास दिसतात. एकाचे शास्त्रीय नाव क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. याचा नर मिरचीसारखा लालभडक, आणि त्याच्या उदरावर पाठीच्या मध्यभागातून एक बारीक काळी रेघ गेलेली. दुसरा ट्रिथेमिस ऑरोरा. याच्या नराचा रंग गुलाबी-जांभळटाकडे झुकलेला आणि पंखांच्या शिराही तांबूस. आता समजा, तुम्ही यांपैकी एकाचे समोरून, डोळ्याला डोळा भिडवून, अत्यंत देखणे छायाचित्र घेतले. त्यात ती काळी रेघ येणार नाही, शिरांचा रंग कळणार नाही. चित्र भिंतीवर टांगण्यास उत्तम. पण त्यातला प्राणी ओळखताना घोटाळा होण्याचा संभव मोठा. माद्यांची गोष्ट तर याहून अवघड. त्या दोन्ही जातींत पिवळट-तपकिरी असतात.

म्हणून कॅमेरा उचलण्यापूर्वी, या प्राण्याची खूण कोठे आहे, हे पाहावे. पंख आणि पाठ पाहायची तर वरून. वक्षावरचे पट्टे आणि उदराच्या टोकाचे अवयव पाहायचे तर बाजूने. समोरचे मुखदर्शन शेवटी घ्यावे, हौस म्हणून. आमचा आग्रह असा की एकाच चतुराची निदान दोन छायाचित्रे, एक बाजूने व एक वरून, असल्यावाचून त्यास पुरती नोंद म्हणू नये.

येथवर ठीक, पण वरून घ्यायचे म्हटले तरी सगळे स्पष्ट का येत नाही? याचे उत्तर भूमितीत आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, विज्ञानाच्या शिक्षकांच्या प्रांतात पाऊल टाकण्याचे धाडस करीत आहोत. पण गणित सोपे आहे. कॅमेऱ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू खरोखर स्पष्ट दाखविते. त्या अंतराच्या किंचित पुढेमागे जे आपल्या डोळ्यास स्पष्टच भासते, त्या पट्टीस स्पष्टतेची खोली म्हणू. दूरच्या डोंगराचे चित्र घेताना ही खोली कित्येक मीटर असते. जसजसे जवळ जावे, तसतशी ती झपाट्याने आटते. सुमारे चोवीस मिलिमीटर रुंदीच्या संवेदकाचा एक सर्वसाधारण कॅमेरा घेऊ. सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचा चतुर चौकटभर आणायचा तर त्याची प्रतिमा मूळ आकाराच्या निम्मी होते. भिंगाचे छिद्र एफ ८ वर ठेवले तर स्पष्टतेची खोली सुमारे २ मिलिमीटर भरते. एफ १६ वर ४ मिलिमीटरांच्या आतच. आणि प्रतिमा मूळ आकाराएवढी करू गेलो, तर एफ ८ वर ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशीच अधिक उरते.

दोन मिलिमीटर म्हणजे किती? वहीचा पुठ्ठा. त्या पुठ्ठ्याएवढ्या जाडीच्या, काचेसारख्या अदृश्य पट्टीत तुमचा चतुर बसवायचा आहे. समोरून पाहिले तर डोळ्यांपासून उदराच्या टोकापर्यंत चार-पाच सेंटिमीटर खोली. पट्टीत त्याचा एक काप तेवढा येणार. परंतु तोच चतुर बाजूने पाहिला आणि कॅमेऱ्याची पाठ त्याच्या शरीराशी अगदी समांतर धरली, तर डोळा, वक्ष आणि उदराची सारी लांबी एकाच प्रतलात येतात, आणि पट्टी पुरते. वरून पाहताना पसरलेले चारही पंख असेच जवळजवळ एका प्रतलात येतात. ‘समांतर’ हा शब्द भूमितीच्या तासास कंटाळवाणा वाटत असेल. येथे त्याचीच सारी करामत आहे. तुम्ही दिलेल्या छायाचित्रांतली निम्मी केवळ कॅमेरा चार बोटे डावीकडे वळविला असता तर सुधारली असती.

छिद्र बारीक करीत गेले की खोली वाढते, मग ते अगदी शेवटपर्यंत का लावू नये? कारण दुसऱ्या बाजूने तोटा सुरू होतो. अतिशय बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडांपाशी पसरतो आणि सगळेच चित्र थोडेसे मऊ पडते. शिवाय जवळून चित्र घेताना छिद्राचा परिणाम आकड्याहून अधिक बारीक होतो. मूळ आकाराएवढ्या प्रतिमेत एफ १६ हे एफ ३२ सारखे वागते. आमच्या अनुभवाने एफ ८ ते एफ १४ यांच्या दरम्यान राहणे हितावह. पट्टी कशातही पुरेनाशी झाली, तर ती डोळ्यावर ठेवावी. डोळा धूसर आणि बाकी सर्व स्पष्ट, असे चित्र पाहणाऱ्यास कधीच समाधान देत नाही. चतुराचा डोळा तर पाहण्याचीच वस्तू आहे. मोठ्या जातींत एका डोळ्यात तीस हजारांच्या आसपास लहान डोळे सामावलेले असतात. चित्र नीट स्पष्ट आले तर त्यावर काही काळे ठिपके दिसतील आणि तुम्ही बाजू बदलली की ते ठिपकेही सरकल्यासारखे वाटतील. ती बुबुळे नव्हेत. जे लहान डोळे नेमके तुमच्या दिशेने रोखलेले आहेत ते प्रकाश गिळतात, म्हणून काळे दिसतात इतकेच.

दोन मिलिमीटरांच्या पट्टीचा आणखी एक परिणाम होतो. आपण कितीही स्थिर उभे राहिलो तरी श्वासाबरोबर देह पुढेमागे याहून अधिक डोलतो. तेव्हा एकदा अंतर साधले म्हणजे साधले, असे होत नाही. कोपरे अंगाशी घ्यावीत, शक्य तर गुडघा टेकावा, कॅमेऱ्याला एका काठीचा आधार द्यावा, आणि एकाऐवजी पाच-सहा चित्रे लागोपाठ घ्यावीत. त्यांतले एखादे नेमके लागते. हात हलल्याचा दोषही जवळून घेतलेल्या चित्रात मोठा होऊन दिसतो. सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून संथ वेग हातात धरलेल्या कॅमेऱ्यास सहसा ठेवू नये. कीटक पहाटेच्या दवात निश्चल असेल आणि कॅमेरा तिकाटण्यावर असेल, तर थोडथोडे अंतर बदलून दहा-वीस चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जुळविण्याची रीतही आता रुळली आहे. मात्र वाऱ्याची एक झुळूक तिचा बेत उधळून लावते.

फोन वापरणाऱ्यांस एक विशेष सूचना. फोनचा संवेदक लहान असल्याने त्यात स्पष्टतेची खोली आपोआप अधिक मिळते. हा त्याचा मोठा गुण. पण पुष्कळ फोनांतील ‘मॅक्रो’ ही सोय वापरण्यास वस्तूपासून दोन-तीन सेंटिमीटरांवर जावे लागते, आणि तितक्या जवळ तुम्हांस येऊ देणारा चतुर आम्ही अद्याप पाहिला नाही. त्यापेक्षा दूरचे दाखविणारे भिंग फोनात असेल तर हातभर मागे राहून ते वापरावे. पडद्यावर दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करण्यात काही अर्थ नाही. त्याने तपशील वाढत नाही, फक्त ठिपके मोठे होतात.

आता जवळ जाण्याविषयी. चतुराच्या दृष्टीस जवळजवळ चहूकडचे दिसते, आणि हालचाल तर त्यास तत्काळ कळते. त्याच्यामागे धावणाऱ्याची दमछाक होते, चित्र मिळत नाही. पण त्याच्या स्वभावात एक अशी गोष्ट आहे की जिचा लाभ शहाण्याने घ्यावा. बसून टेहळणी करणारे जे चतुर आहेत ते उडाले तरी वारंवार त्याच काडीवर, त्याच दगडावर परत येतात. म्हणून तो उडाला की पाठलाग न करता आपण त्या काडीच्या दिशेने दोन पावले पुढे सरकावे आणि थांबावे. तो परत येतो. पुन्हा उडतो, आपण आणखी एक पाऊल. चार-पाच खेपांत तो आपल्याला झाडझुडपांपैकीच एक समजू लागतो. सरळ रेषेत, खाली वाकून, अतिशय सावकाश जावे. आडवे चालू नये. आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये, सावली पडताच तो गेलाच म्हणून समजा. कमरेएवढ्या गवतात जाताना पाय कोठे पडतो हेही पाहावे. आणि पावसाळ्यात तापीचे पाणी पाहता पाहता चढते, म्हणून राजघाटावर किंवा पलीकडे जैनाबादच्या काठावर एकट्याने कधीही जाऊ नये.

वेळ कोणती निवडावी? आमच्याकडे कोकणात काय नि येथे काय, पाऊस ओसरू लागला की चतुरांचा हंगाम भरास येतो. दिवसाच्या वेळांत सकाळचे पहिले दोन तास सर्वोत्तम. रात्रीच्या गारव्याने चतुराचे स्नायू थंडावलेले असतात. ऊन अंगात मुरेपर्यंत त्याला चपळाईने उडता येत नाही. दुपारी तो अतिचपळ, आणि वरून येणारे ऊन तर छायाचित्राचा शत्रूच. दुपारी मात्र एक चमत्कार पाहण्यास मिळतो. ऊन फार तापले की काही चतुर उदर सरळ सूर्याकडे उभे करून डोक्यावर उभे राहिल्यासारखे बसतात. यामुळे अंगावर पडणारे ऊन कमी होते. असे चित्र मिळाल्यास वेळ अवश्य लिहून ठेवावी.

पंख हे पातळ काचेसारखे असतात आणि आरशासारखे वागतात. तुमच्या छायाचित्रांतले ते पांढरे पट्टे म्हणजे सूर्याचेच प्रतिबिंब. दोन बोटे सरकले तरी ते नाहीसे होते. एखाद्या मित्राने ऊन आणि कीटक यांच्यामध्ये पातळ पांढरे कापड धरले, तर प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो. असे कापड आपल्या गावच्या मागांवर जितके हवे तितके विणले जाते. त्यासाठी शहरातून महाग साधन मागविण्याचे कारण नाही. फ्लॅश वापरायचा असल्यास त्यावर बटर पेपरचा एक तुकडा लावावा. तांबड्या चतुराचे चित्र घेताना प्रकाश किंचित कमी ठेवावा. नाही तर लाल रंग भडकून त्यातल्या छटा आणि ती आपली काळी रेघ, दोन्ही बुडून जातात.

पार्श्वभूमीकडे कोणीच लक्ष दिलेले नाही. चतुर नखाएवढा आणि त्याच्यामागे गवताच्या पन्नास काड्या, सगळ्याच स्पष्ट. मग नजर ठरावी कोठे? मागची वस्तू जितकी दूर, तितकी ती विरघळते. कॅमेरा वीतभर खाली घेतला की पुष्कळदा जवळच्या गवताऐवजी दूरची केळीची हिरवाई मागे येते आणि चतुर एकदम उठून दिसतो.

या नियमाला एक सुंदर अपवाद आपल्या गावातच आहे. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा नावाचा एक चतुर दगडांवर, भिंतींवर अंग चिकटवून बसतो. त्याच्या राखाडी-काळ्या अंगावरचे ठिपके दगडाच्या पोताशी इतके मिळतात की हाताच्या अंतरावर असूनही तो दिसत नाही. पंखाच्या टोकाजवळचा पांढरा-काळा ठिपका तेवढा सापडतो. घाटाच्या पायऱ्या, किल्ल्याच्या तटाचे दगड, पावसाचे पाणी साचणारी टाकी ही त्याची आवडती ठिकाणे. त्याचे चित्र घेताना मागचा दगड धूसर केला तर चित्राचा प्राणच गेला! येथे दगड आणि चतुर दोन्ही रेखीव हवेत. तो दगडात लपला आहे हेच तर दाखवायचे आहे. तो दगडास लगटून बसत असल्याने कॅमेरा भिंतीशी समांतर धरला की हे साधते. तिरपे कोवळे ऊन असावे, म्हणजे दगडाचा खरबरीतपणा उमटतो.

उडत्या चतुराचा मोह सर्वांना होतो. पॅरिस येथे ल्यूसिएँ बुल यांनी १९०४ साली विजेच्या ठिणग्यांच्या प्रकाशात उडत्या कीटकांची वेगवान चित्रमालिका घेतली होती, तेव्हापासून हा मोह चालत आला आहे. चतुराचे पंख सेकंदाला सुमारे तीस वेळा हलतात, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागातही पंखाचे टोक काही मिलिमीटर सरकून जाते. नवशिक्याने एका जागी तरंगणारा चतुर निवडावा, अंतर आधीच बांधून ठेवावे आणि वेग दोन हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवावा. पँटाला फ्लेव्हेसेन्स हा पिवळसर चतुर पावसाळ्यात मैदानांवर थव्यांनी दिवसभर घिरट्या घालतो. सरावासाठी तो बरा. त्यास क्षुल्लक समजू नका. मालदीव बेटांवर राहून निरीक्षणे करणारे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असे प्रतिपादन केले की हे चतुर भारतातून निघून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात.

एका गोष्टीविषयी आम्ही कठोर आहोत. चित्र सोपे जावे म्हणून चतुरास पकडून शीतकपाटात गारठविणे, पंख चिमटीत धरणे, शेपटीस दोरा बांधणे, यांतून मिळालेले चित्र आम्ही अंकात घेणार नाही. ते पाहताक्षणी ओळखू येते. चतुर काडीवर ज्या ताठपणे बसतो तो त्यात नसतो. पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या, अजून पंख वाळत असलेल्या चतुरास तर हातही लावू नये. ते पंख त्या वेळी ओल्या कागदासारखे मऊ असतात आणि एकदा वाकडे वाळले की त्याचे उडणे संपले. ज्या पिल्लाने पाण्यात राहून डासांच्या अळ्या खाल्ल्या, त्याच्याशी असे वागणे बरे नव्हे.

आता हा सारा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. लेफ्टनंट कर्नल एफ. सी. फ्रेझर हे लष्करी डॉक्टर होते. भारतातील चतुर-टाचण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९३३, १९३४ आणि १९३६ अशा तीन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक आजही तो उघडतात. पण संग्रहालयातल्या पेटीत टाचून ठेवलेल्या चतुराचे रंग मेल्यावर लवकरच विटतात. डोळ्यांचा निळा-हिरवा रंग तर पाहता पाहता जातो. जिवंत चतुराचा रंग जसाच्या तसा राखून ठेवणारे साधन म्हणजे चांगले छायाचित्र. नवी जात ठरविण्यास प्रत्यक्ष नमुना लागतोच, केवळ चित्रावर ते काम भागत नाही; परंतु ‘येथे काही निराळे आहे’ ही पहिली शंका चित्रावरूनही येऊ शकते. आणि निराळे असणे हे दूरच्या अरण्यातच घडते असे नाही. आमच्या कोकणातल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून २०१९ मध्ये सेरिआग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी विज्ञानास नवी म्हणून नोंदली गेली. तिच्या नावातच वक्षाच्या रंगाचा निर्देश आहे. पुढे २०२२ मध्ये त्याच जिल्ह्यातील चौकुळ गावाचे नाव धारण करणारा बर्मागोम्फस चौकुलेन्सिस हा चतुर प्रसिद्ध झाला. लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या ओढ्यांवरून जात-येत होते, त्या मुलखातली ही गोष्ट. तापीच्या या काठावर कोणते चतुर कोणत्या महिन्यात दिसतात, याची आपल्या शाळेची स्वतःची अशी यादी अद्याप नाही. ती तुमच्याच छायाचित्रांतून होऊ शकेल.

त्यासाठी प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, नेमके ठिकाण, पाणी वाहते होते की साचलेले, आणि चतुर जमिनीपासून किती उंचीवर बसला होता, एवढे वहीत लिहावे. नर-मादी कळत असल्यास तेही. ओळख पटली नसेल तर नावाची जागा कोरी सोडावी. अंदाजाने नाव लिहू नये. पुढील अंकासाठी छायाचित्रे देताना ती कापून, रंग चढवून देऊ नयेत. मूळ स्वरूपातच, बाजूने एक आणि वरून एक, अशी जोडीने द्यावीत.